जुन्या कॅम्परच्या डॅशबोर्डवर दिवा लागला? या चुका टाळा

“बॅटरीचा दिवा जात नाही. नवी बॅटरी टाकली, डायनॅमो भरून घेतला, कटआउट बदललं. आता काय बदलू?” वर्षातून पाच-सहा वेळा तरी असा फोन येतो. (गॅरेजच्या भाषेत डायनॅमो म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, तो ‘भरणं’ म्हणजे त्याचं वाइंडिंग नव्याने करणं, आणि कटआउट म्हणजे त्याचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर.) विचारणाऱ्याचे तोवर पंधरा-वीस हजार गेलेले असतात आणि दिवा तसाच लागलेला असतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष शंभर रुपयांच्या आत मिटणारा असतो. तो शोधायला एक तास द्यायची मात्र कोणाची तयारी नसते.

माझ्याकडे 2004 सालच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, आहे. तो घेऊन मी अकरा वर्षं फिरतोय. या जातीच्या जुन्या डिझेल गाड्यांचं एक मोठं सुख आहे: पंप यांत्रिक, कॉम्प्युटर नाही, स्कॅनर लावायला सॉकेटच नाही. डॅशबोर्डवरच्या प्रत्येक दिव्याचं सर्किट वहीच्या एका पानावर काढता येतं. गोंधळ होतो तो नंतर जोडलेल्या गोष्टींमुळे. मागे दुसरी बॅटरी, फ्रिज, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, सोलर येतं आणि मूळ वायरिंगवर दुसरं वायरिंग चढतं. म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: दिवा लागायच्या आधी गाडीत शेवटचं काम कोणतं झालं?

बॅटरीच्या दिव्याला एलईडी लावणं

ही चूक आता इतकी वाढली आहे की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

बॅटरीचा लाल दिवा ही नुसती खूण नाही. किल्ली ऑन केली की करंट त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला जातो आणि तिथून रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला. त्या थोड्याशा करंटवर रोटरमध्ये चुंबकत्व येतं आणि अल्टरनेटर चार्जिंग सुरू करतो. मग बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो आणि तो विझतो. म्हणजे बल्ब हा चार्जिंगच्या सर्किटचाच एक भाग आहे. दोन वॉटचा साधा बल्ब 160-170 मिलिअँपिअर करंट जाऊ देतो, तर छोटा एलईडी जेमतेम दहा-वीस. तेवढ्यावर कित्येक अल्टरनेटर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, जागेच होत नाहीत. एलईडी उलटा बसला तर तेवढाही करंट जात नाही, आणि दिवाही लागत नाही.

एका मित्राने त्याच्या कॅम्परच्या मीटर कन्सोलमधले सगळे बल्ब काढून पांढरे एलईडी बसवले. रात्री कन्सोल छान दिसायला लागला. त्यानंतर बॅटरीचा दिवा गाडी सुरू झाल्यावरही लागून राहायचा आणि जोरात रेस दिली की जायचा. “सेन्सरचं काहीतरी असेल” म्हणून त्याने तसंच चालवलं. पुढे बॅटरी उतरायला लागली तेव्हा नवी बॅटरी आली, मग डायनॅमो भरून झाला.

जुलैमध्ये आम्ही दोन गाड्या घेऊन गुहागरला निघालो होतो. पाटण, कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि दरड आल्यामुळे वाहतूक थांबली. धो धो पाऊस, अंधार. रांग दहा मिनिटांनी वीस फूट सरकायची. प्रत्येक वेळी गाडी बंद, मग सेल्फ, मग पहिल्या गिअरमध्ये थोडं पुढे. हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि मागचा फ्रिज, सगळं चालू. रेस कधी वाढतच नव्हती, त्यामुळे चार्जिंग सुरूच होत नव्हतं. दीड तासाने त्याचे वायपर रेंगाळायला लागले, हेडलाइट पिवळे पडले आणि सेल्फ नुसता टक टक करायला लागला. गाडीत त्याची आई आणि दोन लहान मुलं होती. घाटात, पावसात, पार्किंग लाइटही मंद झालेली गाडी उभी असणं ही गंमत नाही. मागून येणाऱ्या ट्रकला ती वळणावर दिसणारच नव्हती.

माझ्या गाडीला जंपर केबल लावून त्याची गाडी सुरू केली. आयडलिंगला केबल काढून बॅटरीवर मीटर लावला: 12.1 व्होल्ट. रेस वाढवली, 12.1च. इंजिन पार ओरडेपर्यंत पॅडल दाबलं तेव्हा काटा एकदम 14.1 वर गेला आणि रेस सोडल्यावरही तिथेच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, “कन्सोलचे बल्ब कधी बदललेस?”

घाट उतरून चिपळूणला पोचल्यावर पेट्रोल पंपाच्या उजेडात मी सुट्या सामानातला पार्किंगचा पाच वॉटचा बल्ब काढला. त्याची एक वायर किल्ली ऑन केल्यावर करंट येणाऱ्या फ्यूजला आणि दुसरी डी प्लसला जोडली. किल्ली ऑन केल्यावर बल्ब लागला. गाडी सुरू झाल्यावर तो विझला आणि आयडलिंगलाच 14 व्होल्ट मिळाले. त्याच बल्बवर तो पुढचे चार दिवस फिरला. परत आल्यावर त्या एका जागी मूळचा दोन वॉटचा बल्ब लावला, विषय संपला.

कन्सोलमध्ये बाकी कुठेही एलईडी लावा, हरकत नाही. बॅटरीच्या दिव्याला साधाच बल्ब ठेवा. काही जण एलईडीला समांतर रेझिस्टर जोडतात. तेही चालतं, पण तो तापतो आणि कन्सोलच्या मागे प्लॅस्टिकजवळ तापणारी वस्तू ठेवणं मला पटत नाही.

याच टर्मिनलबद्दल आणखी एक. मागची बॅटरी जोडणाऱ्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल डी प्लसवरून चालवता येते, कारण कॉइल फार थोडा करंट घेते. पण “गाडी चालू असतानाच करंट येतो, सोयीचं आहे” म्हणून त्या टर्मिनलवरून थेट फ्रिज किंवा पंखा चालवला, तर अल्टरनेटरच्या आतले छोटे डायोड जळतात. मग तोच लाल दिवा मंद लागून राहतो आणि लोक पुन्हा बॅटरी बदलतात.

अर्थिंग न तपासता कन्सोल उघडणं

इंडिकेटर दिला की ऑइलचा दिवा मंद लुकलुकतो. ब्रेक दाबला की बॅटरीचा दिवा लागतो. डिझेल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम चुकीचं दाखवतात. असं एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकदम बिघडल्या की शंभरातल्या नव्वद वेळा मी अर्थच पकडतो, म्हणजे करंट बॉडी-इंजिनमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून नको ते दिवे लागतात.

माझ्याच गाडीत हे झालं. बॉडीचं काम आणि रंग करून गाडी घेतली. आठवड्याने सेल्फ सुस्त झाला, सेल्फ मारताना कन्सोलचे निम्मे दिवे मंद पेटायचे. त्याहून विचित्र म्हणजे ॲक्सिलरेटर जड झाला. हात लावला तर ॲक्सिलरेटरची केबल गरम! इंजिनच्या अर्थची पट्टी रंगाच्या जाड थरावर नट आवळून बसवलेली होती. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परत जायला केबल शोधत होता. आणखी काही दिवस गेले असते तर केबल आत वितळून अडकली असती, आणि उतारावर ॲक्सिलरेटर अडकण्याचा अर्थ सांगायला नको.

मल्टिमीटरवर “कंटिन्युइटी येते” म्हणून अर्थ चांगला समजू नका. वायरचा एक तंतू शिल्लक असला तरी मीटर बीप करतो. मी मीटर व्होल्टवर ठेवतो, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगतो. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. माझ्या गाडीत त्या दिवशी 1.8 आले होते. मग हेडलाइट लावून तीच मोजणी बॉडीवर करतो, तिथे 0.2च्या वर गेलं की काम निघालं. उपाय साधा आहे: पट्टी काढा, रंग-गंज धातू चमकेपर्यंत घासा, नवं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा, नट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली नंतर, आधी नाही. कोकणात वारंवार जाणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर करावं, खारी हवा अर्थला सोडत नाही.

चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढणं

“टर्मिनल काढून बघ, गाडी बंद पडली नाही म्हणजे डायनॅमो ठीक.” हा सल्ला देणारे अजून नाक्यानाक्यावर आहेत. हा सल्ला जुन्या डीसी डायनॅमोच्या काळातला आहे. अल्टरनेटरमध्ये असं केलं की व्होल्टेज क्षणात उसळतो आणि डायोड, कटआउट जातात. वर इन्व्हर्टर आणि म्युझिक सिस्टीमही जाऊ शकते. तीनशे रुपयांचा मीटर घ्या. गाडी बंद असताना 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 हवेत. एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर वायरिंगला हात न लावलेला बरा.

बाकीच्या, थोडक्यात

फ्यूज उडतोय म्हणून लाल दहाच्या जागी हिरवा तीसचा टाकू नका. मग फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि कॅम्परमध्ये त्या वायरच्या शेजारी प्लायवुड, फोम आणि गॅसचा सिलिंडर असतो.

वायरी पिळून टेप गुंडाळू नका. उन्हाने टेपचा डिंक सुटतो. थिंबल दाबा, वर हीट श्रिंक नळी चढवा.

चासीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल्स आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. वेल्डर “काही होत नाही” म्हणेल. तरीही काढा.

ऑइलचा दिवा लागला तर आधी गाडी थांबवा, इंजिन बंद करा, डिपस्टिक बघा. ऑइल बरोबर असेल तर इंजिन बंदच ठेवून किल्ली ऑन करा आणि इंजिनवरच्या ऑइलच्या दाबाच्या स्विचची वायर काढा. दिवा विझला तर वायर ठीक आहे, लागूनच राहिला तर ती कुठेतरी घासून इंजिनला टेकली आहे. वायर ठीक निघाली तर स्विच बदलण्याआधी यांत्रिक गेज लावून दाब मोजून घ्या, तोवर गाडी चालवू नका. दिवा खरं बोलत असेल आणि तुम्ही नुसता स्विच बदललात, तर बेअरिंग जातात.

ब्रेकचा दिवा हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल, दोन्हींसाठी एकच असतो. हँडब्रेकचा स्विच खराब असेल असं गृहीत धरून घाट उतरू नका, आधी डबीतली पातळी बघा.

जुनी गाडी विकत घेताना किल्ली ऑन करून प्रत्येक दिवा लागतो का ते मोजा. बॅटरी, ऑइल, ब्रेक, हीटर प्लग. एखादा लागतच नसेल तर बल्ब गेलेला असेल किंवा कोणीतरी काढून ठेवला असेल. मी दोन गाड्यांत ऑइलच्या दिव्याचा बल्ब होल्डरमधून काढून कन्सोलच्याच मागे ठेवलेला पाहिला आहे.

आणि पावसाळाभर गाडी उभी असेल तर सुटायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी फ्रिजच्या मागचं आणि ड्रायव्हरच्या पायाजवळचं वायरिंग टॉर्च घेऊन बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर दिसली की तेवढाच तुकडा न जोडता दोन्ही बाजूंना हातभर पुढेपर्यंत तपासा, उंदीर एकाच जागी थांबत नाही.