चित्रं झाली, आता अर्जाचं बघा

परवा चंदगडकडच्या एका मुलीचा फोन आला. "काका, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लावायला किती खर्च येतो?" चित्रं किती झालीत विचारलं, तर अकरा. फोटो पाठव म्हटलं, तर "घरात भिंतीवर आहेत की, आलासा की बघा." असले फोन महिन्याला दोन-तीन येतात. प्रत्येकाला तेच सांगायचं, त्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी राधानगरी तालुक्यातला. जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका कोल्हापुरात केली आणि पुढची बारा वर्षं दूधसंस्थांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'चांगभलं' आणि निवडणुका आल्या की भिंती रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ते काम बसलं. मग जलरंगाची पेटी पुन्हा उघडली. गावात अजून मला पेंटरच म्हणतात. तेव्हापासून एक गोष्ट कळली आहे. हात सगळ्यांचे चांगले असतात, आपलं घोडं अडतं ते अर्जाच्या तारखेवर. जाहिरात येते, दहा दिवस हातात असतात आणि आपण फोटो कुठं आहेत ते शोधत बसतो.

म्हणून पहिलं काम, एक फाइल करा. आधार, पासबुक, शिक्षणाची प्रमाणपत्रं, पूर्वीच्या प्रदर्शनांची कात्रणं आणि एक पानी परिचय. परिचयातलं 'लहानपणापासून चित्रकलेची आवड' हे वाक्य खोडा. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच. त्याऐवजी काय रंगवता, कुठं बसून रंगवता, ते लिहा.

मग फोटो. इथं निम्मे अर्ज मरतात. चित्र काचेतून बाहेर काढा. सकाळी आठच्या सुमाराला अंगणात, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा ठिकाणी भिंतीला टेकवा. टेकवलेलं चित्र थोडं मागं कलतं. फोनही तेवढाच कलवा, नाहीतर चौकोन वर निमुळता दिसतो. फोन चित्राच्या मधोमध उंचीला धरा, दोन पावलं मागं या आणि थोडं झूम करा. भिंग आधी सदऱ्यानं पुसा. फिल्टर नको. मी एकदा सगळे फोटो निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली काढले होते, का तर सावली छान होती. रंकाळ्यावरची संध्याकाळ, गावातली चिखलणी, सगळीकडं एकच निळी झाक! त्या वीस चित्रांचे फोटो पुन्हा काढावे लागले. फोटोच्या नावातच स्वतःचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, माप आणि साल घाला. मापात आधी उंची, मग रुंदी.

एवढं झालं की मुंबईच्या आधी कोल्हापूर गाठा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. तिथं पहिल्यांदा बघे म्हणून जा. फ्रेम कशी केली आहे, माउंट म्हणजे चित्राभोवतीची कोरी पट्टी किती रुंद सोडली आहे, किमतीची चिठ्ठी कुठं लावली आहे, हे सगळं पदरचा पैसा न घालता शिकायला मिळतं. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. एकीकडं गाणं चालू, दुसरीकडं चित्रकार-शिल्पकार लोकांच्या समोर काम करत बसलेले. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या जुन्या चित्रकारांच्या या गावात शिकवणीची फी न भरताही असं शिकता येतं. कुणाच्या तरी मागं उभं राहा आणि पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कुठं टाकतो ते बघा. नुसता सेल्फी काढून परत येऊ नका.

पहिलं प्रदर्शन एकट्यानं लावू नका. चौघांनी मिळून लावा. हॉलचं भाडं, पत्रिका, टेम्पो सगळं चौघांत वाटलं जातं आणि दिवसभर दालनात बसायलाही माणूस मिळतो. सगळ्यांच्या फ्रेमा एकाच पट्टीच्या घ्या. मोठ्या चित्रांबरोबर पोस्टकार्डाएवढी दहा-बारा ठेवा. आमचा खर्च पहिल्या वर्षी त्यांनीच काढला. आणि किंमत लिहाच. लोक विचारायला लाजतात, आपण सांगायला लाजतो, आणि चित्र परत घरी येतं.

आता बाहेरचं. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे दोन वेगळे विभाग. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 सालची, तिचं वार्षिक प्रदर्शन जुन्या मानाचं. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शनही आहे. जहांगीर 1952 पासून आहे, तिथं अर्ज जरूर करा. पण तारीख मिळायला वर्षं जातात, त्यामुळं त्यावर डोळे लावून बसू नका.

चित्र पाठवताना काच लावू नका, ॲक्रिलिक शीट लावा. माझ्या पंचगंगेच्या घाटाच्या चित्राची काच गाडीच्या डिकीत फुटली आणि देवळाच्या शिखरापासून पाण्यापर्यंत ओरखडा उठला. भरपाई मागायला गेलो तर पावतीच्या मागं बारीक अक्षरात जबाबदारी नाकारलेली. कॅनव्हास असेल तर चौकटीवरून उतरवून रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि शेतातल्या पाइपलाइनचा जाड पाइप कापून त्यात घाला. आपल्याकडं त्याचे तुकडे गोठ्यामागं पडलेलेच असतात.

पैशाच्या योजनांमध्ये केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती नीट बघा. 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांना महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. पुढं 25 ते 40 ला ज्युनिअर फेलोशिप महिना 10,000 आणि 40 च्या वरच्यांना सीनिअर, महिना 20,000. फेलोशिपला प्रकल्प लिहून द्यावा लागतो आणि तिथं आपली माणसं 'कोल्हापूरचं निसर्गसौंदर्य' लिहून मोकळी होतात. याला विषय म्हणत नाहीत. करवीर आणि पन्हाळ्याकडची गुऱ्हाळघरं धरा. किती घरं, कुठल्या महिन्यात जायचं, चुलवाणाची धग आणि काहिलीवरची वाफ जलरंगात कशी पकडणार, शेवटी किती चित्रं होणार, हे लिहा. वाचणाऱ्याला तुम्ही तिथं बसलेले दिसले पाहिजेत.

गणपती घडवणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा ही केंद्राची कारागिरांसाठीची योजना सोडू नये. 2023 च्या सप्टेंबरात सुरू झाली, अठरा व्यवसाय आहेत, त्यांत कुंभार आणि मूर्तिकार दोन्ही. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 चं व्हाउचर, आणि कर्ज आधी एक लाख, मग दोन लाख, 5 टक्के व्याजानं. नोंदणी सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते, पडताळणी ग्रामपंचायतीकडून. कुटुंबातल्या, म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांतल्या, एकालाच मिळते, तेव्हा घरात आधी ठरवून घ्या.

शाळेतल्या पोरांना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसवाच. ए श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण, बीला 5, सीला 3. घरचे चित्रकलेला 'टाइमपास' म्हणतात, तिथं हे सात गुण फार उपयोगी पडतात.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. व्हॉट्सॲपवर 'आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी आपली निवड' असा निरोप येतो. आपण अर्जच केलेला नसतो. फी भरा, प्रमाणपत्र घ्या. मीही एकदा अडीच हजार भरले. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. बायकोनं ते अजून देवघराशेजारी लावलंय, मला आठवण राहावी म्हणून.

आणि आमच्या भागातला पाऊस. जून ते सप्टेंबर कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात, ते निघत नाहीत. चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. पेटीत ठेवायची असतील तर मधेमधे कोरा कागद घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्याचा पिवळेपणा चित्राला लागतो. उघडीप मिळाली की पेटी सावलीत उघडून ठेवायची, जशी आई बेगमीची कडधान्यं पसरायची तशी.

चंदगडच्या मुलीनं काल रात्री पहिला फोटो पाठवला. काजूच्या बागेचं चित्र आहे, सावल्यांचा जांभळा फार सुरेख लागलाय. फक्त खालच्या कोपऱ्यात कोंबडीची शेपटी आली आहे. उद्या सकाळी आठला परत काढ म्हटलंय.