रंधा मारण्याआधी: सुतारकामात हातातला मेटल डिटेक्टर कसा जुळवावा आणि कसा वापरावा

जुन्या चौकटीतली फळी प्लेनरमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या रंध्याच्या मशीनमधून, काढली. तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी उंच रेघ उठलेली दिसली. बोट फिरवलं तर नखाला लागत होती. त्यानंतर प्लेनरमधून गेलेल्या प्रत्येक फळीवर तशीच रेघ, त्याच जागी. पात्याला खाच पडली होती. फळीत कुठेतरी डोकं तुटलेला बारीक खिळा लपून बसला होता. वरून पुटी भरलेली, त्यावर रंग, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळलं नव्हतं.

डिटेक्टर तेव्हाही माझ्याकडे होता आणि मी तो फळीवरून फिरवलाही होता. पण न जुळवता फिरवला होता. तो गप्प राहिला आणि मी फळी स्वच्छ आहे असं धरून चाललो. डिटेक्टर ओरडला तर बहुधा धातू आहे, पण गप्प राहिला याचा अर्थ धातू नाही असा होत नाही. आज याच मिनिटाला हा डिटेक्टर एवढा खिळा एवढ्या खोलीवर पकडतोय, हे आधी बघून घेतलं असेल तरच त्याच्या गप्प राहण्याला किंमत आहे.

कुठला डिटेक्टर

सुतारकामात दोन प्रकार चालतात. दारावरचे सुरक्षारक्षक अंगावरून फिरवतात तो पट्टीसारखा डिटेक्टर एका फेरीत रुंद पट्टा तपासतो, पण खिळा नेमका कुठे आहे ते सांगत नाही. दुसरा पिनपॉइंटर, गाजराएवढा. त्याचं टोक नेमकी जागा दाखवतं, पण त्याची पोच कमी असते. काम नेहमीचं असेल तर दोन्ही ठेवा. एकच घ्यायचा असेल तर जुन्या लाकडासाठी मी पट्टीवाला घेईन, कारण नेमकी जागा शोधायला थोडा वेळ जास्त गेला तरी चालतो, खिळा सुटून गेलेला चालत नाही.

आत दोघांत एकच गोष्ट घडते. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, बदलता प्रवाह जातो आणि भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, उठतात, त्यांचं उलटं क्षेत्र कॉइलपर्यंत पोचतं आणि आवाज होतो. इथे अंतराचा हिशेब फार कडक आहे. खिळा लहान असेल आणि कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर प्रतिसाद जवळजवळ ६४ पटींनी घटतो. म्हणून डिटेक्टर फळीला जवळजवळ घासतच न्यायचा. दोन बोटं वर धरून फिरवणं म्हणजे खोलवरचे खिळे आपणहून सोडून देणं.

आधी जागा मोकळी करा

बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, टेबलावर फळी ठेवून तपासणी होत नाही. दोन लाकडी घोड्या घ्या आणि फळी ठेवण्याआधी रिकाम्या घोड्यांवरूनच डिटेक्टर फिरवा. जिथे आवाज येईल तिथे घोडीचा स्वतःचाच स्क्रू आहे, तिथे खडूने खूण करा. काँक्रीटच्या जमिनीत सळया असतात, त्यामुळे फळी जमिनीवर ठेवू नका, कमरेएवढ्या उंचीवर घ्या. मग स्वतःकडे बघा. घड्याळ, अंगठी, बांगड्या, खिशातला मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, पोलादी टोपणाचे बूट, सगळं दूर. चालू मोटर, चार्जर, काही एलईडी दिवे यांच्याजवळ डिटेक्टर उगाच कुरकुरतो. कारण सापडत नसेल तर एकेक बंद करून बघा.

तपासणीची फळी

या एका गोष्टीवर तासभर खर्च करा. धातू नाही याची खात्री असलेलं लाकूड घ्या, साधारण १०० सें.मी. लांब आणि ५० मि.मी. जाड. बाजूच्या कडेतून आडवी भोकं पाडा: वरच्या पृष्ठभागापासून पहिलं ५ मि.मी. खोल, मग १०, २०, ३० आणि ४०. दोन भोकांत १२ सें.मी. तरी अंतर ठेवा, नाहीतर शेजारच्या खिळ्याचा आवाज मिसळतो. प्रत्येकात २५ मि.मी. लांबीचा एकसारखा लोखंडी खिळा सरकवा, वर पेन्सिलने खोली लिहा.

उरलेल्या जागेत तीन गोष्टी आणखी घाला, सगळ्या १० मि.मी. खोलीवर: खालून भोक पाडून उभा बसवलेला एक खिळा, एक स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि मोडक्या खिळ्याचं जेमतेम ५ मि.मी.चं टोक. आडवा आणि उभा खिळा सारखे बोलत नाहीत, ते कानाला कळायला हवं. स्टेनलेस स्टीलमधून वीज साध्या पोलादापेक्षाही कमी वाहते आणि त्याचे नेहमीचे स्क्रू चुंबकालाही जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज क्षीण येतो. आणि ते मोडकं टोक म्हणजे पात्याला खाच पाडणारा खरा गुन्हेगार. तुमचा डिटेक्टर त्याला कितपत पकडतो, हे आताच बघून ठेवा.

जुळवणी

पहिल्यांदा बॅटरी. पट्टीवाल्या डिटेक्टरमध्ये बहुधा ९ व्होल्टची असते. ती उतरली की पोच आधी कमी होते आणि बॅटरी उतरल्याचा दिवा मागाहून लागतो, तोवर दोन-चार फळ्या हातावेगळ्या झालेल्या असतात. चालू करून २–३ मिनिटं तसाच राहू द्या. सर्किट थंड असताना केलेली जुळवणी गरम झाल्यावर सरकते. उन्हातून सावलीत आलात तरी पुन्हा जुळवावं लागतं.

नंतर डिटेक्टर सगळ्या धातूंपासून हातभर लांब हवेत धरा. संवेदनशीलतेचं बटण हळूहळू वाढवत न्या. एका जागी तो आपणहून गुणगुणायला लागेल. तिथून केसभर मागे या, जेमतेम गप्प होईपर्यंत. हीच त्याची सर्वांत तीक्ष्ण जागा. त्याची कुरकुर नको म्हणून आणखी मागे आलात, तर शांतता मिळते पण पोच जाते.

काही डिटेक्टरांना बटण नसतं, अंगावर एका लहान भोकात आत फिरवायचा स्क्रू असतो. तो पोलादी पेचकसाने फिरवायला जाल तर जुळवणी कधीच बसणार नाही, कारण पेचकस हाच धातू. आत घातला की आवाज, काढला की सगळं हललेलं. बांबूची काडी घ्या, टोक पटाशीने चपटं तासा आणि तिने फिरवा. पाव फेरीच्याही पाव एवढंच एका वेळी. काडी बाहेर काढा, हात बाजूला घ्या, ऐका, मग पुढे.

पिनपॉइंटर बहुतेक वेळा स्वतःच जुळतो. चालू करताच आजूबाजूला जे असेल ते तो ‘शून्य’ म्हणून धरतो. म्हणून धातूजवळ असताना त्याला चालू करायचं नाही, नाहीतर तेवढा धातू त्याला दिसेनासा होतो. हाच गुण पुढे नेमकी जागा शोधताना कामाला येतो.

आता तपासणीच्या फळीवरून चालवा. ५, १०, २०, ३०... कुठपर्यंत स्पष्ट बोलतो? तो आकडा खडूने घोडीवर लिहा. ही आजची पोच. डिटेक्टर एका खिळ्यावर पाच सेकंद स्थिर धरूनही बघा. आवाज विरून गेला तर तुमचा डिटेक्टर हलतानाच बोलणारा आहे, शंका आली की थांबायचं नाही, पुढे-मागे हलवत राहायचं. दर दहा-बारा फळ्यांनी तपासणीच्या फळीकडे परत या.

तपासणी

फळी आधी तारेच्या ब्रशने घासून घ्या. माती, वाळू, सिमेंटचे डाग, भेगेत अडकलेला खडा हे डिटेक्टरला दिसत नाही आणि पात्याची धार तर तेही घालवतं. ओलं लाकूड खोटे आवाज देऊ शकतं, तेव्हा शक्य असेल तर वाळलेलंच तपासा.

घासतानाच डोळे उघडे ठेवा. ओक किंवा बाभळीसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त असलेल्या लाकडात लोखंड असलं की भोवती निळसर-काळा डाग पसरतो. असा डाग दिसला की डिटेक्टर काहीही म्हणो, तिथे खिळा आहे किंवा होता.

मग सरळ पट्ट्यांनी फिरवा. वेग असा की हातभर अंतराला चार-पाच सेकंद लागावेत. दुसरा पट्टा पहिल्यावर निम्मा चढवून घ्या. एक बाजू झाली की दुसरी, मग दोन्ही कडा, मग दोन्ही टोकं. टोकं बरेच जण सोडतात, आणि जुन्या चौकटीत जोडाचे खिळे तिथेच असतात.

सगळ्या बाजू का, याची एक जुनी गोष्ट आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अंगातली गोळी शोधायला असंच विजेवर चालणारं उपकरण तयार केलं. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या, त्यांनी गोंधळ घातला, आणि डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. बीडाच्या टेबलावर फळी ठेवून एकच बाजू तपासणं म्हणजे याच दोन्ही चुका पुन्हा करणं.

जाड तुळईचा हिशेब वेगळा. आजची पोच ३० मि.मी. आणि तुळई ८० मि.मी. जाड असेल, तर दोन्हीकडून तपासूनही मधला २० मि.मी.चा थर अंधारातच राहतो. अशी तुळई जुन्या, गेली तरी चालेल अशा पात्याने चिरा आणि चिरलेले नवे पृष्ठभाग पुन्हा तपासा. फळीवर प्लेनरची पहिली फेरी झाल्यावरही थांबून एकदा फिरवा, कारण पृष्ठभाग खाली आला की खोलवरचा बारीक तुकडा आता पोचेत येतो.

जागा शोधणं आणि खिळा काढणं

आवाज आला की डिटेक्टर आडवा सरकवा, जिथे आवाज सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे खुणा करा, मधोमध रेघ मारा. मग त्याला काटकोनात तेच. दोन रेघा छेदतात तिथे खिळा. आवाज एकाच दिशेने लांब पट्ट्यात येत असेल तर खिळा आडवा आहे किंवा तार आहे. पिनपॉइंटर सगळीकडेच ओरडत असेल तर खुणेजवळ नेऊन तो बंद करून चालू करा. तेवढ्या धातूला तो शून्य धरतो आणि आता फक्त अगदी जवळ गेल्यावर बोलतो.

पुढे दोऱ्याला बांधलेलं निओडिमियमचं लहान पण जोरदार चुंबक खुणेवर टांगा. ओढलं गेलं तर लोखंड आहे आणि वरच आहे. डिटेक्टर बोलतोय पण चुंबक ढिम्म, तर पितळ, तांबं, अॅल्युमिनियम, शिसं, स्टेनलेस स्टील यांपैकी काही असेल किंवा लोखंड खोल असेल.

टोक मागे निघालेलं असेल तर पंचाने मागून ठोकून डोकं वर आणा आणि जांबुऱ्याने उपटा, जांबुऱ्याखाली लाकडाचा तुकडा ठेवून, म्हणजे फळी दबत नाही. मोडका खिळा जुन्या पटाशीने भोवतीचं लाकूड काढून उघडा करावा किंवा पोकळ ड्रिलने भोवती गोल कापून खुंटीसकट बाहेर काढावा, मग त्या भोकात त्याच लाकडाची खुंटी सरसाने बसवावी. चष्मा लावूनच, कारण गंजलेला खिळा तुटून उडतो.

खिळा हातात आला तरी खूण पुसू नका. डिटेक्टर पुन्हा फिरवा. अजून बोलत असेल तर टोक आत मोडलंय. काढलेला खिळा बघा: टोकाला अणी आहे की ताजा चमकता तुटका भाग? तुटका असेल तर काम निम्मंच झालंय.

काहीच जमत नसेल तर तेवढा तुकडा कापून टाका, कापही खुणेपासून दोन बोटं लांब घ्या. ‘बारीकच आहे, पातं जाईल निघून’ असं म्हणून फळी आत सोडू नका. पात्याला बसवलेले कार्बाइडचे दात कठीण असतात, तसेच ठिसूळही, खिळ्यावर त्यांचे टवके उडतात. त्याहून मोठी भीती ठिणगीची. ती भुश्याबरोबर धूळ ओढणाऱ्या पिशवीत जाते आणि तिथे तासन्तास धुमसते. पात्याने धातू कापल्याचा आवाज आला तर मशीन बंद करा, वीज काढा, आणि पिशवी लगेच बाहेर उघड्यावर नेऊन रिकामी करा.