नव-शापेलच्या रानात: वापसा, बटाटा आणि जुने तोफगोळे

उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले भागात नव-शापेल हे लहान शेतकरी गाव आहे. तिथे आणि शेजारच्या गावांत हंगामी कामाला किंवा शेती शिकायला गेलेल्या मराठी मंडळींसाठी हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला. बटाट्याची काढणी, साखरेच्या बीटची काढणी आणि गव्हाची पेरणी, तिन्ही कामे याच दिवसांत एकदम अंगावर येतात.

लिस नदीच्या या सपाट मुलखात जमीन जड आणि पाणी अगदी वर. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, इथे सैनिकांना खोल खंदक खणता येईनात. मातीचे बांध रचून त्यांनी आडोसा केला. म्हणून आधी चर साफ करा आणि वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओली माती सुकून कामाजोगी झाल्याशिवाय, यंत्र रानात घालू नका. वरची माती फसवते. वीतभर खालची मूठभर माती तळहातावर वळून पाहा: वात वळली तर थांबा, भुगा झाला तर चला. बीटने भरलेले यंत्र चिखलात एकदा फिरले, की खाली दाबला गेलेला थर पुढच्या पिकांची मुळेही अडवतो.

बटाटा पहाटेच्या गारठ्यात काढू नका. माती 8 ते 10 अंशांपेक्षा थंड असली, तर मार लागलेला कंद आतून काळा पडतो. गहू ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरा. त्याआधीच्या पेरणीवर मावा ही कीड विषाणू आणते. बी 2-3 सेंटीमीटर खोल पुरे. ढेकळे फार बारीक केली, तर पावसाने पापडी धरते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. नांगर आणि बटाट्याचे यंत्र पहिल्या महायुद्धातले तोफगोळे आजही वर आणतात. स्थानिक लोक याला ‘लोखंडाचे पीक’ म्हणतात. गंजलेला गोळा निकामी झालेला नसतो. काहींत विषारी वायू असतो. यंत्रात जड, गंजका गोळा अडकला तर ठोकू नका, ओढू नका. इंजिन बंद करा, सगळ्यांना लांब न्या, आणि नगरपालिकेला किंवा पोलिसांना कळवा; तातडीचा क्रमांक 112. गोळा बांधावर नेऊन ठेवणे, घरी आठवण म्हणून नेणे, दोन्ही जिवावर बेतू शकते. रानात काडीकचरा पेटवू नका, खाली काय दडले आहे ते दिसत नाही. सोबतच्या नवख्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

हाडे दिसली तरीही काम थांबवा. 28 ऑक्टोबर 1914 ला इथल्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंता दलाच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. गावाजवळच्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत, ज्यांची कबर कुठे आहे ते ठाऊक नाही. 2016 साली शेजारच्या रिशबूर इथल्या खोदकामात गढवाल रायफल्सच्या दोन जवानांचे अवशेष मिळाले आणि पुढच्या वर्षी त्यांचे जवळच्या लाव्हांती इथे सन्मानाने दफन झाले. म्हणून बिल्ला, बटण, बुटाचा तुकडा, काहीही उचलू नका. त्यावरूनच ओळख पटते.