शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीतील स्केर्झो : व्हायोलिनच्या पार्टची तयारी

ऑर्केस्ट्रात नव्याने बसलेल्या व्हायोलिनवादकाच्या हाती जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीचा फर्स्ट व्हायोलिनचा पार्ट (त्या गटापुरती छापील स्वरलिपी) आला, तर त्याने पहिल्या पानापासून सुरुवात न करता सरळ दुसऱ्या भागाकडे, म्हणजे स्केर्झोकडे (सिम्फनीतल्या वेगवान, खेळकर भागाकडे) वळावे. ही सिम्फनी १८४६ मध्ये लाइपझिगच्या गेवान्डहाउसमध्ये मेंडेलसनच्या संचालनाखाली प्रथम वाजली, आणि तिच्यातला हा स्केर्झो आज जगभरच्या ऑर्केस्ट्रांच्या निवड-चाचण्यांत हमखास विचारला जातो. छापील लय क्रॉचेटला १४४, म्हणजे मिनिटाला १४४ क्रॉचेट (एका ठोक्याचे स्वर) अशी आहे. प्रत्येक क्रॉचेटमध्ये चार सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याचे स्वर) धरले, तर सेकंदाला साडेनऊहून थोडे अधिक स्वर होतात, आणि मधले दोन ट्रिओ (वेगळ्या धाटणीचे मधले तुकडे) सोडले तर ही धाव जवळजवळ थांबतच नाही.

माझी पहिली चूक बोची, म्हणजे गजाची होती. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) ७२ वर ठेवून मी प्रत्येक स्वर बोच्या वरच्या अर्ध्या भागात, ऐसपैस ओढून घोटला. महिनाभरात डावा हात पाठ झाला, पण लय ११० च्या पुढे जाताच बो आपोआप उसळू लागला आणि ती उसळी बोटांशी जुळेना, कारण स्पिकाटोची (तारेवर उसळत्या बोने वाजवण्याची) जागा बोच्या मध्याच्या किंचित खाली असते आणि तिथे उजव्या हाताने एक दिवसही काम केलेले नव्हते. म्हणून संथ लयीतही बो त्याच जागी ठेवावा, बोटभर लांबीपेक्षा जास्त ओढू नये आणि स्वर आखूडच ठेवावा. उसळी लय वाढली की येते, ती मुद्दाम आणावी लागत नाही.

डाव्या हाताचे दुखणे वेगळे आहे. शूमानने इथे डिमिनिश्ड कॉर्ड (दीड-दीड सुरांच्या अंतराने रचलेले स्वरसमूह) आणि अर्ध्या सुरांच्या पायऱ्या इतक्या पेरल्या आहेत, की सरावलेल्या स्केलची बोटे कामास येत नाहीत. ज्यांनी माझ्याप्रमाणे आधी मांडी घालून हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकले आहे, त्यांना आणखी एक अडचण जाणवेल: आपले बोट स्वराकडे घसरत जाते, मींड हा तिथे गुण असतो, इथे मात्र पोझिशन (तारेवरची डाव्या हाताची जागा) बदलताना ऐकू येणारी घसरण म्हणजे सरळ घाण. उपाय म्हणून मी प्रत्येक शिफ्टच्या, म्हणजे अशा बदलाच्या, आधीचा आणि नंतरचा असे दोनच स्वर वेगळे काढले, शिफ्टवर पेन्सिलीने छोटी आडवी रेघ मारली आणि ती जोडी वीस वेळा वाजवल्याशिवाय पुढे सरकलो नाही. बोटांचे आकडे मात्र शिफ्टपुरतेच लिहावेत, कारण आकड्यांनी भरलेल्या पानावर नेमक्या वेळी काहीच दिसत नाही. बोइंग (कोणता स्वर बोच्या कोणत्या दिशेने वाजवायचा ते) कॉन्सर्टमास्टर, म्हणजे फर्स्ट व्हायोलिनांचा प्रमुख, ठरवतो, त्यामुळे ते त्याच्याकडून आधी मागून घ्यावे. पाठ झालेले बोइंग तालमीच्या आदल्या दिवशी बदलणे फार जड जाते.

शेवटचा कोडा (समारोपाचा तुकडा) सर्वांत आधी बसवावा, कारण कंडक्टरला लय वाढवायचा मोह तिथेच होतो. मी शेवटचा बार (स्वरलिपीतला ठोक्यांचा एक कप्पा) घेतला, मग त्याच्या आधीचा जोडला, असे मागे मागे येत गेलो, त्यामुळे वाजवताना उत्तरोत्तर ओळखीच्या प्रदेशात शिरल्यासारखे वाटे. तरी तालमीत पाय घसरलाच, तर सगळे स्वर पकडण्याचा हट्ट न धरता प्रत्येक क्रॉचेटचा पहिला स्वर वाजवावा. यात फसवणूक आहे असे काही शिक्षक मानतात. मला मात्र शेजाऱ्याला चुकवणारे खोटे स्वर वाजवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे वाटते.

आणखी एक तयारी सहसा कोणी करत नाही. स्केर्झो संपताच अडाजिओ, म्हणजे सिम्फनीचा संथ तिसरा भाग, येतो, त्याची धून थेट व्हायोलिनांकडेच असते, आणि तेव्हा उजवे मनगट अजून थरथरत असते. पहिल्या तालमीत माझा त्यातला पहिला लांब स्वर कापरा निघाला. तेव्हापासून मी कोड्याचे शेवटचे पान वाजवून, एक श्वास घेऊन, बोवरची अंगठ्याची पकड सैल करून लगेच अडाजिओचे पहिले आठ बार वाजवतो, आणि घरच्या रियाजातही या दोहोंच्या मध्ये व्हायोलिन खाली ठेवत नाही.