खाडीतली अन्नसाखळी मुलांना अशी दाखवा

रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीवर मी दर थंडीत भाचरांना घेऊन जाते. ओहोटी लागली की निघा, भरतीला चिखल पाण्याखाली जातो. घरून तांदळाचे 1000 दाणे मोजून पुडीत घ्या. मोजायचं काम मुलांनाच द्या.

आधी तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची, तीन पानं बघा. झाडावरचं हिरवं, नुकतं गळलेलं पिवळं आणि चिखलातलं काळं. काळं बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, नुसती शिरांची जाळी उरते. ही बुळबुळ म्हणजे बुरशी आणि जिवाणू. पुस्तकात गवत, हरीण, वाघ असतं. इथे हिरवं पान फारसं कुणी खात नाही. सूर्याची ऊर्जा बरीचशी कुजलेल्या पानातूनच पुढे जाते. हे मुलांना पटायला हवं, घाई करू नका.

मग दहा मिनिटं अजिबात हलायचं नाही. खेकडे बिळातून येतात, पानाचा तुकडा ओढून आत नेतात.

आता तांदूळ. दाणे म्हणजे ऊर्जा. पानाचे 1000 दाणे, खेकड्याला 100, त्याला खाणाऱ्या तांबोशी माशाला 10, तांबोशी उचलणाऱ्या समुद्री गरुडाला 1. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये मांडलेल्या विचारातून आलेला हा ढोबळ हिशोब; प्रत्यक्षात प्रमाण कमीजास्त होतं. उरलेले दाणे कुठे गेले, हे मुलं विचारतीलच. बरेचसे श्वासात, हालचालीत, उष्णता होऊन गेले. काही विष्ठेतून परत जिवाणूंकडे.

निघताना काळं पान होतं तिथेच ठेवा, खेकड्याचं जेवण आहे ते.