जुन्या घराची लाकडी माडी: तुळया कशा तपासाव्यात

माडीवर चालताना फळ्या करकरल्या की जीव धास्तावतो. पण ती करकर बहुतेक वेळा सैल झालेल्या खिळ्यांची असते. घात होतो तो तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे. भिंतीत मुरलेली ओल ते टोक ओढून घेतं, वारा लागत नाही आणि गिलाव्याआड लाकूड गुपचूप कुजत राहतं. म्हणून सुरुवात भिंतीलगत करा.

विजेरी, टोच्या, छोटी हातोडी आणि दोरी घ्या. माडीची जमीन कुठे दबत असेल तर तिथे पाय देऊ नका आणि त्याखाली कुणाला थांबू देऊ नका.

आता खालच्या खोलीतून प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं बघा. वर न्हाणीघर किंवा पाण्याचा पाइप असेल, छप्पर गळत असेल, तर ती टोकं आधी. काळपट डाग, पांढरी बुरशी, लाकडाला पडलेल्या चौकोनी भेगा शोधा. हातोडीने ठोका: चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. मग टोच्या तिरका रुतवून थोडं लाकूड उचकटा. लांब, चिवट सळ निघाली तर लाकूड धड आहे. आखूड तुकडा कटकन मोडून आला तर कूज लागली आहे, वरून रंग कितीही तुकतुकीत असो. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. 20 टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशीला रान मोकळं.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतातच. भुंगेऱ्याची बारीक भोकं मात्र जुनीही असू शकतात. खाली कागद पसरून ठेवा. काही आठवड्यांत त्यावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे.

मग बाक मोजा. तुळईच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणा आणि मध्यावर दोरी आणि तुळई यांच्यात किती अंतर पडतं ते तारीख घालून लिहून ठेवा. जुन्या लाकडाला थोडा बाक असणारच, त्याने घाबरू नका. काही महिन्यांनी तो वाढलेला दिसला तर मात्र दुर्लक्ष नको.

पाइप किंवा वायर नेण्यासाठी तुळईला पाडलेल्या खाचा फार वाईट. तुळईची ताकद तिच्या उंचीच्या, म्हणजे वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंतच्या मापाच्या, वर्गावर ठरते. पाव उंची कापली की त्या जागी जवळजवळ 44 टक्के ताकद जाते, शिवाय खाचेच्या कोपऱ्यातून चीर धावते. मधल्या भागात, खालच्या अंगाला तर खाच कधीच पाडू देऊ नका. वजनाचंही भान ठेवा: 500 लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाण्याचेच 500 किलो.

बाहेरच्या लाकडी सज्जाला ऊनपाऊस थेट झेलावा लागतो. तो भिंतीला बोल्टांनी जोडलाय की नुसत्या खिळ्यांनी, हे आधी बघा. खिळे हळूहळू उपसून येतात आणि सज्जा एकदम सुटतो. बोल्ट गंजलेत का, कठडा हलतो का, तेही बघा. शंका असेल तर दुरुस्ती होईपर्यंत सज्जावर जाणं बंद.

कूज सापडली तर पुट्टी भरून रंग मारू नका, आधी गळती थांबवा. टेकू कुठे द्यायचा, टोक कापून नवं लाकूड जोडायचं की अख्खी तुळई बदलायची, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर बोलावूनच ठरवा. आणि नवं टोक बसवताना भिंतीतल्या खोबणीत त्याच्याभोवती हवा खेळेल एवढी जागा सोडायला गवंड्याला आवर्जून सांगा.