गाड्या मोजण्याआधी दारं वाजवा

वाहतुकीचा सर्व्हे म्हटलं की चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेली पोरं डोळ्यांसमोर येतात. ते काम करायचंच आहे, पण शेवटी. चौकात दिसते फक्त गाडी. ती कुठून निघाली, कशासाठी निघाली आणि बस वेळेवर मिळत नाही म्हणून जी बाई क्लास सोडून घरी बसली तिचं काय, यातलं काहीही चौकात कळत नाही. मी पुण्यात भूगोल शिकवते आणि मुलांकडून असे सर्व्हे करून घेते. महाविद्यालयाचा गट असो की प्रभागातलं नागरिक मंडळ, कुणालाही हे जमण्यासारखं आहे. उदाहरणं मी सिंहगड रस्त्याची देते, कारण शहर वाढतं म्हणजे नेमकं काय होतं ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

माणसं किती, आणि कुठे?

सुरुवात जनगणनेपासून करा, पण तिथेच थांबू नका. पुणे महापालिकेच्या हद्दीत २००१ मध्ये २५.३८ लाख लोक होते, २०११ मध्ये ३१.२४ लाख. वाढ २३ टक्के. त्याच दहा वर्षांत शेजारचं पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून १७.२७ लाखांवर गेलं, म्हणजे वाढ सत्तर टक्क्यांच्या घरात. नदीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या दोन शहरांचा वेग इतका वेगळा असेल, तर 'पुणे परिसराची सरासरी वाढ' हा आकडा बसचा मार्ग ठरवायला निरुपयोगी आहे.

अंदाज बांधायच्या दोन सोप्या रीती आहेत. दर दशकात तेवढीच माणसं वाढतील असं धरलं तर पुण्याच्या जुन्या हद्दीत २०३१ ला सुमारे ४३ लाख होतात. दर दशकात तेवढेच टक्के वाढतील असं धरलं तर ४७ लाखांच्या वर जातात. एकाच शहराचे, एकाच दोन जनगणनांवरून काढलेले हे आकडे, आणि फरक चार लाखांहून जास्त! म्हणून अहवालात एक आकडा कधीच लिहू नका. दोन लिहा, आणि कोणता कशावरून आला तेही लिहा.

आता मुख्य अडचण. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नवी जाहीर झाली आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. दरम्यान महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही २०११ च्या तक्त्यात महापालिकेबाहेरची गावं आहेत. वाढ तिथे झाली आणि कागद जुना राहिला.

ही पोकळी भरायला चार-पाच ठिकाणी हात घालावा लागतो. मिळकत कराच्या नोंदीतून निवासी मिळकती मिळतात. महावितरणच्या घरगुती जोडण्यांची संख्या मागता येते. महारेरा या बांधकाम प्रकल्पांच्या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पातल्या सदनिका आणि त्यांतल्या किती विकल्या गेल्या ते कुणालाही पाहता येतं. शाळांच्या पहिलीच्या पटावरून तरुण कुटुंबं किती आली त्याचा अंदाज येतो. मतदार यादी मात्र जपून वापरा. भाड्याने राहणाऱ्या पुष्कळांचं नाव अजून गावाकडेच असतं.

आणि विकलेली सदनिका म्हणजे राहतं घर नव्हे. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेली घरं पुण्यात कमी नाहीत. मी मुलांना संध्याकाळी साडेसातला सोसायटीसमोर उभं करते. एका विंगेतल्या उजेड असलेल्या खिडक्या मोजायच्या आणि सकाळी त्याच विंगेतल्या कपडे वाळत घातलेल्या बाल्कन्या. दोन्हींत दिसलं नाही ते घर रिकामं धरायचं. तज्ज्ञ हसतील, हसू द्या. इमारत राहण्याजोगी झाल्याच्या दाखल्यावर, म्हणजे भोगवटा पत्रावर, विसंबण्यापेक्षा हे बरं.

पेठांचं चित्र नेमकं उलट असतं. वाडा पाडून इमारत होते, पण खाली दुकानं, वर क्लास आणि ऑफिसं. राहणारे बाहेर जातात आणि कामाला मात्र रोज तिथेच येतात. म्हणून प्रत्येक भागासाठी दोन रकाने ठेवा: रात्री किती माणसं असतात, दुपारी किती. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजेच तुमची वाहतूक.

जनगणनेतलं एक दुर्लक्षित पान

२०११ च्या जनगणनेत लोक कामावर किती लांब आणि कशाने जातात हेही विचारलं होतं. बी-२८ या तक्त्यात ते सापडतं. पायी, सायकल, मोपेड-स्कूटर-मोटारसायकल, बस, रेल्वे असे रकाने आणि अंतराचे टप्पे. सर्व्हेच्या आधी हा तक्ता जरूर काढा, तुलनेला आधार मिळतो. पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले सोडून उरलेले कामकरी लोकच त्यात आहेत. शाळेत जाणारं पोर नाही, दवाखान्यात जाणारे आजोबा नाहीत, मंडईत जाणारी बाई नाही. तुमच्या सर्व्हेने ही माणसं आणायची आहेत.

किती दारं?

सगळ्या शहराचा एक टक्का की दोन टक्के, या वादात पडू नका. एखाद्या भागाबद्दल पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर साधारण ३८४ घरं लागतात. भागात वीस हजार घरं असोत की दोन लाख. संख्याशास्त्राचं हे साधं सूत्र आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पटत नाही. पण ३८४ मधून 'बसने जाणाऱ्या बायका' असा छोटा गट वेगळा काढलात, तर त्यात पन्नाससुद्धा उरणार नाहीत. मग त्या पन्नासांवर टक्केवारी लावून बातमी करू नका.

दारं निवडताना भागाचे तुकडे पाडा: गावठाण, सोसायट्या, बैठी वस्ती आणि कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेमागे भाडं घेणाऱ्या, खोल्या. शेवटचा तुकडा नेहमी विसरला जातो. नऱ्हे-आंबेगाव परिसरात महाविद्यालयांमुळे एकेका खोलीत पाच-सहा मुलं राहतात. त्यांना कुटुंबप्रमुख नाही आणि दारावर नावाची पाटी नाही. प्रत्येक तुकड्यात किती घरं आहेत त्या प्रमाणात नमुना वाटा आणि मग ठरावीक अंतराने दार घ्या, दर विसावं किंवा दर पंचविसावं. दार बंद असेल तर 'शेजारचं घेऊ' हा मोह टाळा, पुन्हा जा. दिवसा उघडं असणारं दार म्हणजे घरी असणारी माणसं. प्रवास करणारी माणसं नेमकी बंद दारामागची असतात.

सोसायटीत वॉचमन अडवतो. आधी चेअरमनना पत्र द्या, त्याची प्रत गेटवर ठेवा, रविवारी सकाळी दहा ते एक जा. धुणंभांडी करणाऱ्या मावशी रविवारीही त्या वेळी कामावरच असतात, त्यांच्या वस्तीत दुपारी तीनच्या सुमारास जा.

प्रश्न 'काल'चाच विचारा

'तुम्ही रोज कशाने प्रवास करता?' असं विचारलं की माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो. 'काल सकाळी उठल्यापासून घराबाहेर पहिल्यांदा कुठे गेलात?' असं विचारलं की हकीकत सांगतो. म्हणून काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत. प्रत्येक फेरीसाठी पाच गोष्टी: कुठून, कुठे, कशासाठी, किती वाजता, कशाने. एका कामासाठी एका दिशेने जाणं म्हणजे एक फेरी. परत येणं ही दुसरी. घरापासून थांब्यापर्यंतची चाल आणि बस बदलणं हेही लिहा. किती पैसे लागले आणि थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागलं, हे लोक स्वतःहून सांगतातच. समासात टिपून घ्या. 'कालचा' दिवस कामाचा हवा, म्हणून रविवारी गेलात तर शुक्रवारचं विचारा. शुक्रवार ताजा असतो आणि शनिवारी निम्म्यांना सुट्टी असते.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा, हा माझा हट्ट आहे. एका खासगी संस्थेचा फॉर्म मी पाहिला होता. त्यात फक्त कुटुंबप्रमुखाला विचारायची सोय होती. काका सोफ्यावर बसून सांगतात, 'ही घरीच असते.' मग आमच्या गटातली मुलगी आत वळून काकूंना विचारते, 'काल दूध कुणी आणलं? छोट्याला स्कूलबसला कुणी सोडलं? भाजी?' चार-पाच फेऱ्या सहज निघतात, बहुतेक पायी. या फेऱ्या लिहिल्या गेल्या नाहीत तर वाहतूक आराखड्यात पदपथाची गरजच दिसत नाही.

आणि 'कुठेच गेले नाही' हेही उत्तर आहे. त्यापुढे 'का?' असा एक रकाना ठेवा. 'काम नव्हतं' आणि 'गुडघे दुखतात, पीएमपीच्या बसची पायरी चढवत नाही' यांत फार फरक आहे.

पार्सल पोचवणारी मुलं या तक्त्यात बसत नाहीत. त्यांना जायचं एक ठरलेलं ठिकाणच नसतं. त्यांचा घरचा फॉर्म फक्त घर ते पहिलं हॉटेल आणि रात्रीची परतफेरी एवढाच भरा. बाकी चौकात पाठीवरच्या पिशव्या वेगळ्या मोजा.

आता चौक

सर्व्हेचा आठवडा निवडताना पंचांग आणि शाळेचं वेळापत्रक दोन्ही समोर ठेवा. गणपती, दिवाळी, पालखीचा मुक्काम, परीक्षा, निवडणूक टाळा. मंगळवार किंवा बुधवार बरा. भोसरी-चिंचवडकडच्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे त्या बाजूचा गुरुवार फसवतो.

सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. एका दिशेला दोन मुलं: एक दुचाकी मोजणारा, दुसरा बाकी सगळं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. तिसरं कुणी मिळालं तर त्याला गाडीतली माणसं मोजायला बसवा, दर दहाव्या गाडीतली. एकाने तरी फक्त रस्ता ओलांडणारे मोजावेत.

माणसं का मोजायची? इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये शहरी रस्त्यांसाठी दिलेल्या कोष्टकात मोटार म्हणजे १ धरून दुचाकीला ०.५ ते ०.७५ आणि बसला २.२ ते ३.७ असं वजन दिलं आहे. याला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट, म्हणजे वाहन किती मोटारींएवढा रस्ता अडवतं ते) म्हणतात आणि रस्त्याची क्षमता काढायला ते लागतंच. पण साठ माणसं एका बसमध्ये गेली तर जास्तीत जास्त ३.७, तीच साठ माणसं दीड-दीड करून चाळीस दुचाक्यांवर गेली तर ३०. नुसती पीसीयूची बेरीज पाहणाऱ्याला बस म्हणजे अडथळा वाटते. त्यापुढे माणसांचा रकाना आला की चित्र पालटतं.

पुण्याला एक फायदा आहे: मुठा नदी. एका काठावरून दुसऱ्या काठावर रस्त्याने जायचं तर कुठला तरी पूल ओलांडावाच लागतो. सगळ्या पुलांवर एकाच दिवशी मोजलं की घरोघरच्या माहितीचा ताळा घेता येतो. एखाद-दुसरा पूल घेऊन भागत नाही. लकडी पुलावर दुचाकींना कित्येक वर्षं बंदी होती आणि झेड ब्रिज तर दुचाकींचाच. एकट्या पुलावरून शहराचं प्रमाण काढलंत तर अर्थाचा अनर्थ. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा पावसाळ्यात तारीख ठरवताना धरणाकडेही लक्ष असू द्या.

ताळा

एका भागात ४,००० राहती घरं आणि त्यांतली १०० पाहिली, तर प्रत्येक घर ४० घरांच्या वतीने बोलतं. त्या घरांतल्या रस्त्याने नदी ओलांडणाऱ्या फेऱ्यांना ४० ने गुणा, सगळ्या भागांची बेरीज करा आणि पुलांवर मोजलेल्या माणसांशी ताडून पाहा. पुलावर मोजणी सहाच तासांची असते, म्हणून फेऱ्याही त्याच तासांतल्या घ्या. शहराबाहेरून येणाऱ्या गाड्या पुलावर दिसतात, घरोघरी नाही. त्यासाठी हद्दीवरच्या रस्त्यांवर गाडी थांबवून 'कुठून-कुठे' विचारणारी वेगळी मोजणी लागते आणि तिथे वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

एवढं करूनही घरची बेरीज पुलापेक्षा कमीच भरते. थोडा फरक चालतो. खूप असेल तर सरसकट सगळ्या आकड्यांना गुणून ते जुळवू नका, फॉर्म पुन्हा उघडा. कॉलेजातली मुलं, दुपारच्या छोट्या फेऱ्या आणि कामावरून येताना वाटेत केलेली खरेदी, गळती बहुधा या तिघांत सापडते. वीसेक घरांना फोन करून तेवढंच विचारा आणि त्या प्रकारच्या फेऱ्यांचीच दुरुस्ती करा.

शेवटी नकाशा काढा. भाग ते भाग रेषा, जितकी माणसं तितकी जाड, आणि त्यावर पीएमपीचे मार्ग नि मेट्रोची स्थानकं वेगळ्या रंगात. जाड रेषा आहे पण बस नाही, अशा जागा लाल करा. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा हा नकाशा, कोरा फॉर्म आणि नमुना कसा निवडला त्याचं एक पान जोडा. नावं आणि फोन नंबर असलेले भरलेले फॉर्म मात्र कुणाला देऊ नका. ते कपाटात, किल्ली एकाकडे.